एका घराची चूक

बँकेत वीस वर्षं रकाने भरलेल्या माणसाला पडदा रंगवणं जड जाऊ नये, असं आमच्या गल्लीच्या मंडळाला वाटलं. मलाही वाटलं, हे त्याहून वाईट. गणपतीतल्या नाटकासाठी राजवाड्याचा पडदा हवा होता. वीस फूट रुंद, बारा फूट उंच. कॅलेंडरवरच्या राजवाड्यावर मी इंचाइंचाच्या रेघा मारल्या आणि मांजरपाटावर निळीत बुडवलेलं सूत ताणून फुटाफुटाच्या. झाली दोनशे चाळीस घरं! या घरातलं त्या घरात उतरवायचं. ही कला, तर मग खतावणी काय वाईट?

देखरेखीला आप्पा होते. जुने पडदे रंगवणारे, वयानंही ऐंशीच्या घरात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि ऑपरेशनला ठाम नकार. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी आधी नाटकांचे पडदे रंगवले, बाबूरावांचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली आला तो नंतर, हे त्यांनीच सांगितलं. बाबूराव मूळचे मेस्त्री. रंगामुळे 'पेंटर' झाले. मीही मनातल्या मनात सहीचा सराव सुरू केला.

पहिला हात सरस आणि खडूच्या पुडीचा. सरस जास्त झाला तर पापुद्रे सुटतात, कमी पडला तर रंग नटाच्या अंगरख्यावर जातो. शिवाय हा रंग वाळला की फिका होतो. चंदगडच्या पावसात तो वाळतच नसल्यानं, आपण आभाळ निळं दिलंय की जांभळं, हे दोन दिवस कळत नाही. सरसाच्या वासानं सौ.नं तेवढे दिवस माझं ताट पडवीत वाढलं.

तिसऱ्या दिवशी पडदा टांगला. मी जवळ उभा राहून खिडकीची नक्षी न्याहाळत होतो. हॉलच्या पार टोकाकडून आप्पा ओरडले, "सायेब, त्यो खांब पिऊन आलाय काय?"

मागं जाऊन पाहिलं. चहानंतर मी एक घर सोडून बसलो होतो. खांबाचा वरचा भाग खालच्यापासून फूटभर सरकला होता. बँकेत दहा पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसणारा मी, इथं फूटभर फरकावर शीळ घालत होतो!

"पण आप्पा, तुम्हाला दिसलं कसं?"

"मोठं चित्र लांबनं, डोळं किलकिलं करून बघायचं. बारीकसारीक जातंय, चूक तेवढी ऱ्हाती. मला किलकिलं करायला लागत न्हाई. मोतीबिंदूनं सोय केलीया."

पडदा पुन्हा जमिनीवर आला. आप्पांनी वेळूला ब्रश बांधला आणि उभ्यानंच त्या सांध्यावर एक झाड काढलं. हात थरथरत होता. पण पानांना थरथर शोभते. "झाडाफुडं कुनाची बेरीज चुकत न्हाई," ते म्हणाले.

नाटकाला त्या झाडानं टाळ्या घेतल्या. माझं आडनाव आहे तेच राहिलं.

पुढच्या वर्षी मंडळानं फ्लेक्स छापून आणला. चकचकीत राजवाडा, ओळंब्यात उभे खांब, एका घराचीही चूक नाही. आप्पा शेवटच्या रांगेत बसले होते. पहिला अंक संपेपर्यंत समोर टक लावून पाहत राहिले. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "सायेब, आपलं झाड कुठं गेलं?"

मी म्हणालो, "आहे आप्पा. डोळे किलकिले करा."