मुरणे

मुरण्याबद्दल मराठी माणसाला कुणी शिकवायला जाऊ नये. लोणचं, मुरांबा आणि भाऊबंदकीचा खटला या तीन गोष्टी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुरत आल्या आहेत. त्यामुळे '१८ वर्षं मुरलेली व्हिस्की' या शब्दांनी मी दचकलो नाही. दचकलो तो ती सोडा, बर्फ आणि चिवडा यांच्याशिवाय प्यायची असते हे ऐकून!

ही बाटली धरमपेठेत राहणाऱ्या आमच्या थोरल्या साडूंची. त्यांचा मुलगा एडिंबरोला नोकरीला. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा बाटली ठेवून गेला. "बाबा, पुढच्या वेळी आलो की दोघं मिळून उघडू." पुढची वेळ काही आली नाही. बाटली मात्र ताईंच्या शालूशेजारी कपाटात सुखाने नांदत होती. दर दिवाळीला साडू तिच्यावरची धूळ पुसून सांगायचे, "आता ही चोवीस वर्षांची झाली बरं का!"

इथेच माझी पंचाईत होती. कारण मी वाचलं होतं की व्हिस्की मुरते ती ओकच्या पिपात. एकदा काचेच्या बाटलीत शिरली की तिचं वय तिथेच थांबतं. लेबलावरचा आकडाही तिच्यातल्या सर्वांत धाकट्या व्हिस्कीचा असतो. स्कॉटलंडच्या कायद्याने तिला पिपात निदान ३ वर्षं काढावी लागतात. आपला १९४९ चा दारूबंदी कायदा त्याहून कडक. व्हिस्की पिणाऱ्याला परवाना हवा आणि वय २५ हवं. म्हणजे तिकडे दारू मुरवतात, इकडे पिणारा!

पिपातून दरवर्षी थोडी व्हिस्की हवेत उडून जाते. तिला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडच्या गारठ्यात हा वाटा वर्षाला सुमारे २ टक्के. बंगलोरच्या 'अमृत'वाल्यांनी २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकली, पण त्यांच्या उन्हात देवदूत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक ढोसतात. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. इथे पीप ठेवलं तर १८ वर्षांनी फक्त पीप उरेल आणि सीताबर्डीवर देवदूत झिंगत फिरतील.

एका मे महिन्यात संध्याकाळी मी धीर करून म्हटलं, "भाऊजी, ती अजून अठराचीच आहे हो. बाटलीत वय वाढत नाही."

साडू कूलरकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तिचं नाही वाढत. माझं एकोणसत्तर झालं ना बाप्पा!"

ते उठले आणि बाटली घेऊन आले. मुलाला फोन लावला. तिकडे दुपारचे साडेतीन वाजले होते. फोनवरून तो सांगू लागला, "बाबा, बर्फ नको, गारठ्याने वास मरतो. आधी नुसता वास घ्या. तोंड किंचित उघडं ठेवा. आता पाण्याचे दोन-चार थेंब टाका. घोट घेतला की लगेच गिळू नका."

साडूंनी सत्यनारायणाच्या तीर्थासारखा घोट घेतला. डोळे मिटले. मी मध, लाकूड, मनुका असं काहीबाही आठवत होतो. शेरीच्या जुन्या पिपातली असली की असे वास येतात म्हणे.

"संत्र्याची साल!" साडू ओरडले. "अरे, साफ आपल्या संत्र्याची साल!"

फोनमध्ये बराच वेळ आवाज आला नाही. मग मुलगा म्हणाला, "बाबा, डिसेंबरात येतो. तिकीट आजच काढतो."

ताईंनी काही न बोलता तिसऱ्या ग्लासात थोडी ओतली आणि त्यावर बशी झाकली. "देवदूतांचं काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण हा वाटा त्याचा."

डिसेंबर यायला सात महिने होते. बशीवर मात्र त्यांनी वरवंटाही ठेवला.