पायऱ्यांचे माप

सांगलीच्या गणपती पेठेत आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. वडिलांच्या पश्चात ४२ वर्षे मी त्या गादीवर बसलो. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, करवती, पटाश्या, दोरखंड, पाइप असा किती माल या हातांतून गेला, याचा हिशेब खतावण्यांत सापडेल. पण त्यांतला एक तरी खिळा मी स्वतः लाकडात ठोकला होता काय, असे कोणी विचारले असते तर मला मान खाली घालावी लागली असती. घरात साधी फळी बसवायची असली तरी आम्ही मिस्त्रीला निरोप पाठवीत असू. ही उणीव भरून निघाली ती वयाच्या ६८व्या वर्षी, आणि तीही परमुलखात.

आमचा मुलगा इंजिनिअर झाला आणि नोकरीनिमित्त इंग्लंडमधील शेफील्ड शहरी स्थायिक झाला. त्याने दुकान सांभाळावे अशी माझी इच्छा होती. त्याने नम्रपणे नकार दिला. त्यावरून आमचे भांडण असे कधी झाले नाही, पण मोकळे बोलणेही फारसे उरले नाही. फोन आला की मी प्रकृतीची चौकशी करून रिसीव्हर सौ.च्या हाती देत असे.

शेफील्ड हे नाव मात्र मला लहानपणापासून ठाऊक होते. वडिलांच्या काळात दुकानात येणाऱ्या उत्तम पटाश्यांवर आणि करवतींवर ते कोरलेले असे. जुने सुतार ते नाव बोटाने चाचपून पाहत आणि मगच भाव विचारीत. ते गावाचे नाव आहे हे मला पुष्कळ उशिरा कळले. आपल्या घरोघरी स्टीलची भांडी ज्या न गंजणाऱ्या पोलादाची बनतात, तसल्या पोलादाचा प्रयोग १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली यांनी याच गावी केला. गाव सारे टेकड्यांवर वसलेले आहे. त्यामुळे तिथे घर घेणाऱ्याला सपाट अंगण मिळेलच असे नाही.

मुलाच्या घराचे मागील दार उघडले की गवताचा उतारच सुरू होई. सहा मीटर पुढे गेले की जमीन एक मीटर खाली जाई. तळाशी गुलाबाचे ताटवे आणि सफरचंदाचे एक झाड. पहिल्या खेपेस गेलो असताना सौ. सकाळी फुले पाहायला म्हणून उतरली, भुरभुर पावसाने ओल्या झालेल्या गवतावरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. पुढचे सारे दिवस तिने ती बाग स्वयंपाकघराच्या काचेतून पाहिली. दोन वर्षांनी, गेल्या एप्रिलमध्ये, आम्ही पुन्हा गेलो तेव्हा मुलाने एक नकाशा माझ्यापुढे पसरला. दारालगत ३.६ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब असा लाकडी ओटा, ज्याला तिकडे डेक म्हणतात, आणि त्याच्या कडेवरून बागेत उतरणाऱ्या पायऱ्या. कंत्राटदाराने सांगितलेली मजुरी ऐकून मी गप्प झालो. मुलगा म्हणाला, "अण्णा, आपण दोघांनी केले तर?"

परवानगी त्याने हिवाळ्यातच काढून ठेवली होती. तिकडे जमिनीपासून ३० सेंटिमीटरपेक्षा उंच डेक बांधायचा तर नगरपालिकेची मंजुरी लागते, कारण उंचावरून शेजाऱ्याच्या खासगी जागेत डोकावता येते. उतारावर ही मर्यादा चटकन ओलांडली जाते. आमचा ओटा दाराशी जमिनीपासून १५ सेंटिमीटर, तर बाहेरच्या कडेला ६५ सेंटिमीटर उंच होणार होता.

नकाशा समजून घेताना माझी भीती पुष्कळशी गेली. आपल्या जुन्या वाड्यांत जो कडीपाट असतो, त्याचीच ही रचना. खाली खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्या. घराच्या भिंतीला मात्र लाकूड भिडवायचे नाही. भिंतीत ओल चढू नये म्हणून जो थर घातलेला असतो, त्याच्या खाली निदान १५ सेंटिमीटर ओट्याचा पृष्ठभाग ठेवायचा, नाहीतर पावसाचे उडालेले पाणी भिंतीत शिरते.

मे महिन्यात काम सुरू झाले. सौ.ची एकच अट होती, "खणायचे ते सारे आषाढापूर्वी संपवा." नऊ खांबांसाठी नऊ खड्डे, प्रत्येक ६० सेंटिमीटर खोल. वरची माती चिकट, खाली दगडांचे तुकडे. पहिल्या दिवशी माझ्याने दीड खड्डाच झाला. सौ. खुर्ची टाकून शेजारी बसे आणि मातीत गांडूळ दिसले की कुदळ थांबवायला लावून ते पानावर उचलून बाजूच्या वाफ्यात सोडी. काम त्यामुळे रेंगाळले हे खरे. पण त्या निमित्ताने माझी पाठ सरळ होई, हेही खरे.

खांब उभे झाल्यावर ते सारे एका पातळीत कापायचे होते. मुलाकडे पाणसळ होती, पण ती हातभर लांबीची. चार मीटरवरच्या खांबापर्यंत तिचा भरवसा धरता येईना. तेव्हा मला आमच्या दुकानातला पारदर्शक लेव्हल पाइप आठवला. तसाच पाइप तिथल्या दुकानात मिळाला. पाण्याने भरलेल्या पाइपची दोन तोंडे कुठेही धरा, दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर उभे राहते. अट एवढीच की आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. तो राहिला की पाइप खोटे बोलतो. हे मी शेकडो गिऱ्हाइकांना सांगितले होते, पण करून कधीच पाहिले नव्हते. मुलगा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, दोघांच्या हातांत एकच पाणी. "अण्णा, तुमच्याकडे कुठे आहे?" "खुणेवर आहे. तुझ्याकडे?" कित्येक वर्षांत आम्ही एकमेकांशी इतके बोललो नव्हतो.

मग कामाला वेग आला. जूनमध्ये तिकडे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. मुलगा कचेरीतून आला की आम्ही कामाला लागत असू. दर ४० सेंटिमीटरवर एक अशा दहा कड्या बसल्या. औषध मुरवलेले लाकूड कापले की आतला भाग उघडा पडतो, म्हणून प्रत्येक कापलेल्या टोकाला ब्रशने पुन्हा औषध लावावे लागे. दोन फळ्यांत पाच मिलिमीटरची फट ठेवली, म्हणजे पाणी निथळते आणि लाकडाला फुगायला जागा मिळते. वीस फळ्या, प्रत्येक कडीवर दोन स्क्रू, म्हणजे चारशे स्क्रू. दुकानात हा तीन ग्रोसलाही थोडा कमी माल. पुडक्यात बांधून द्यायला दोन मिनिटे पुरतात. एकेक स्क्रू गुडघ्यावर बसून पिळताना मला त्या पुडक्याचे वजन कळले.

पायऱ्यांचा हिशेब मी हट्टाने माझ्याकडे घेतला. उतारावर पायऱ्यांची उंची ओट्याच्या कडेशी मोजून चालत नाही. पायरी जिथे टेकणार तिथपर्यंत जमीन आणखी खाली गेलेली असते. पुन्हा पाण्याचा पाइप लावला. कडेशी ६५ सेंटिमीटर होते, दीड मीटर पुढे ९० भरले. म्हणजे १५ सेंटिमीटरचे सहा चढ आणि ३० सेंटिमीटर रुंदीच्या पाच पायऱ्या. सहावी पायरी म्हणजे ओटाच. दोन चढ आणि एक रुंदी यांची बेरीज ६० च्या आसपास आली की माणसाचे पाऊल सहज पडते. ब्लोंदेल नावाच्या एका फ्रेंच वास्तुकाराने सतराव्या शतकात असाच नियम सांगून ठेवला आहे. मी दातेरी बाजूफळ्या आखल्या, मुलाने त्या कापल्या. पायऱ्या बसल्या. दोन्ही अंगांना आणि ओट्याभोवती कठडा आला. त्याच्या गजांत दहा सेंटिमीटरपेक्षा कमी फट ठेवली, कारण घरात दोन वर्षांची नात आहे.

उद्घाटनाचा मान सौ.चा. कठडा धरून ती एकेक पायरी उतरली. शेवटच्या पायरीवरून जमिनीवर पाऊल ठेवताना तिला हिसका बसला. ती पडली नाही, पण वर पाहून म्हणाली, "ही शेवटची पायरी खोल आहे का हो?"

मोजून पाहिले. तळाचा चढ १७.८ सेंटिमीटर, सर्वांत वरचा १२.२. फळीची जाडी २.८ सेंटिमीटर, ती मी तळातून वजा करायला विसरलो होतो. दाते बरोबर पंधरा-पंधराचे होते, पण प्रत्येक दात्यावर फळी बसताच सारा जिना तेवढा उचलला गेला आणि तो फरक पहिल्या व शेवटच्या पायरीत साठला. मी म्हणालो, "पावणेतीन सेंटिमीटरने काय होते? चार दिवसांत सवय होईल." आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला माझी चूक झाकायची होती. शिवाय सारे स्क्रू पुन्हा काढायचे म्हणजे दोन दिवसांचे काम.

मुलगा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "अण्णा, तो चाळीस फुटी पाइप आठवतो?"

मला आठवला. तो बारा वर्षांचा असताना सुट्टीत दुकानात बसे. एका मिस्त्रीला त्याने चाळीस फूट लेव्हल पाइप मोजून दिला, तो वीतभर कमी गेला. मिस्त्रीच्या ते ध्यानात आले नव्हते. मी गल्ल्यावरून पाहिले होते. मी पुरा चाळीस फुटांचा दुसरा तुकडा त्याच्या सायकलला बांधला आणि भर उन्हात मिस्त्रीच्या कामावर त्याला पिटाळला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "वीतभराने काय होते?" असे त्यानेही विचारले होते. मी काय उत्तर दिले ते मी विसरलो होतो, त्याने सांगितले. "घेणाऱ्याला कळले नाही म्हणून माप पुरे होत नाही."

मी मुकाट्याने पेचकस उचलला. आम्ही जिना सोडवला, बाजूफळ्यांच्या तळातून २.८ सेंटिमीटर कापून काढले, टोकांना पुन्हा औषध लावले आणि जिना बसवला. सहाही चढ पंधराचे भरले. दुकान त्याने घेतले नाही, ही सल माझ्या मनात वर्षानुवर्षे होती. दुकानातले जे न्यायला हवे होते ते तो घेऊन गेला आहे, हे मला त्या संध्याकाळी कळले. त्याला ते बोलून दाखवणे मात्र जमले नाही. मी फक्त त्याच्यासाठी चहा ठेवला.

सप्टेंबरात परत येईपर्यंत सौ. रोज सकाळी कठडा धरून बागेत उतरत होती, कधी नातीचे बोट धरून. पहिले काही दिवस ती शेवटच्या पायरीपाशी क्षणभर थांबे. पुढे थांबेनाशी झाली.

आता मी पुन्हा पेठेत असतो. दुकान पुतण्या पाहतो, मी सकाळी दोन तास बसतो. घर बांधणारे गिऱ्हाईक मिस्त्रीच्या मजुरीबद्दल कुरकुर करू लागले की पूर्वी मी व्यवहार म्हणून मान डोलावीत असे. हल्ली मी त्याला विचारतो, "जिन्याचे चढ सारे सारखे आले आहेत ना? मग मजुरी देऊन टाका." फोन आला की रिसीव्हर लगेच सौ.कडे देत नाही. परवा मुलगा सांगत होता, डेकवर पहिले हिम पडले आहे, चार स्क्रू सैल झाले होते ते त्याने आवळले. मी त्याला पायऱ्या एकदा मोजून पाहायला सांगितले.