बोर्गी

शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा घोडा सरकारी. इतिहासाच्या तासाला एका गुणाचा हा प्रश्न हमखास येतो. माझा तो कधीच चुकत नाही, कारण आमचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत बारगीर होते असं आजोबा सांगतात. त्यांची तलवार आमच्या देवघरात आहे.

डिसेंबरात आमची तुकडी जबलपूरला गेली. ग्रेनेडियर्सचं रेजिमेंटल सेंटर पाहिलं, दुसऱ्या दिवशी भेडाघाट. धुवांधार, मग संगमरवरी कड्यांमधून नाव (नावाड्याच्या कोट्यांना सरसुद्धा हसले!), मग पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींचं मंदिर. कलचुरींच्या काळातलं. बहुतेक मूर्तींचे हात तुटलेले, चेहरे फोडलेले. हे करणाऱ्या सैन्याबद्दल आम्ही सगळे तावातावाने बोलत होतो. माझा बर्दवानचा मित्र तेवढा गप्प होता. मग म्हणाला, "आमच्याकडे मुलांना झोपवताना बोर्गींची भीती घालतात." बोर्गी म्हणजे बारगीर.

परतल्यावर ग्रंथालयात शोधलं. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं रघूजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर जात राहिल्या. त्यांच्या धास्तीने कलकत्त्यात 'मराठा खंदक' खणला गेला. गंगाराम या बंगाली कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहिलं. त्यात जाळलेली गावं आहेत, पळणारी माणसं आहेत, बायकांवरचे अत्याचार आहेत. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने भास्करराम कोल्हटकरांना भेटीला बोलावून दग्याने मारलं, तेवढं मात्र मला आधीपासून ठाऊक होतं. १७५१ च्या तहात नवाबाने वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली.

आमचा पूर्वज त्या स्वाऱ्यांत होता का? घरात तसा कागद नाही. पण कागद नसताना अभिमान चालतो, तर मग लाज का नाही चालणार?

सुट्टीत आजोबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या काळी सगळ्याच फौजा तसं करायच्या."

"मग आजोबा, मूर्ती फोडणाऱ्यांबद्दलही आपण असंच म्हणायचं का?"

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मोठ्यांशी असं बोलतात?" आजोबांनी तिला हातानेच थांबवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या मुलाला घेऊन ये घरी. त्याच्यासमोर मला हेच सांगता येतं का, बघतो."

मित्र यायला तयार आहे. त्याने फक्त एवढंच विचारलं, की तलवारीला त्यालाही नमस्कार करावा लागेल का.