मलकापूर, मलकापूर!

आमच्या कॉलेजात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला सीनियर्स दोन गोष्टी हमखास सांगतात. एक, मेसची आमटी आधी तळापासून ढवळायची आणि मगच वाढून घ्यायची. दुसरी, कराडात कुठंही जायचं असेल तर वडाप बघायचं. मी नवी मुंबईची, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटवाली. वडाप हा मला वडापावचाच भाऊबंद वाटला होता! (हसू नका, तुमच्यातही असतील असे दोघं-चौघं.)

आता तिसरं वर्ष संपत आलं, त्यामुळे वडापवर मी अधिकारवाणीनं बोलू शकते. वडाप म्हणजे जीप किंवा तसलीच कुठलीही गाडी, जी भरल्याशिवाय हलत नाही. आणि ‘भरली’ कधी हे आपण नाही, ड्रायव्हरनं ठरवायचं. आपण मोजून दहावे असतो, तरी दारात लटकलेला पोरगा ओरडतच असतो, “चला कराड, कराड, लगेच निघणार!” मग एक आजी, दोन कॉलेजकुमार आणि खताचं एक पोतं आत येतं, आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर बसून गाडी हाकतो. फर्स्ट इयरला मला या प्रकाराची भयंकर भीती वाटायची. म्हणून मी शक्यतो एस.टी.च धरायचे. शिवाय १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.चं तिकीट अर्धं झालंय, त्यामुळे लाल डब्यात बसलं की आपण पैसे वाचवतोय असंही वाटायचं.

पण एस.टी.त बसायचं म्हणजे पाटी वाचायला हवी. आणि तीही गाडी स्टँडवर वळत असताना! माझं मराठी वाचन त्या काळी म... ल... का... असं चालायचं. शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेस्तोवर गाडी फलाटाला लागून, खिडकीतून रुमाल टाकून, जागा धरून झालेल्या असायच्या. विचारायची लाज वाटायची. नाव-आडनाव अस्सल मराठी, आणि विचारणार काय, तर “काका, यावर काय लिहिलंय?”

तर फर्स्ट इयरच्या पावसाळ्यात माझ्या रूममेटला ताप आला. साधा नाही, डेंग्यू. ती जतजवळच्या एका खेड्यातली. तिला मलकापुरात एका दवाखान्यात ॲडमिट केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला, ‘चार्जर राहिला. फोन बंद पडतोय. आबा जतहून निघालेत, त्यांना वॉर्ड माहीत नाही.’ त्यानंतर तिचा फोन बंद. मी चार्जर घेतला, मेसमधून डबा भरून घेतला आणि स्टँड गाठलं.

समोरच गाडी. पाटी चक्क पहिल्या झटक्यात वाचली: मलकापूर! इतका आनंद झाला की खालची बारीक अक्षरं वाचायच्या भानगडीत पडलेच नाही. चढले, खिडकी मिळाली. कंडक्टरला शंभराची नोट देत म्हटलं, “मलकापूर, एक.” त्यांनी तिकीट दिलं, ‘एकोण’ असं काहीतरी म्हणाले आणि तिकिटामागे उरलेले पैसे लिहून दिले. सुट्टे नंतर! एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर हे तिन्ही मला सारखेच. मी ‘हो हो’ म्हटलं. हे मी आयुष्यभर करत आलेय. आकडा कळला नाही की मान हलवायची.

मलकापूर कराडला अगदी चिकटून आहे. पण त्या वर्षी हायवेच्या सहापदरीकरणाचं काम चालू होतं, सगळीकडे खोदलेलं, वळवलेलं. गाडी मध्येच थांबली, चार माणसं उतरली. मी बसूनच. कंडक्टर ‘मलकापूर’ म्हणून ओरडतील तेव्हा उतरायचं, असा माझा हिशोब. नंतर हायवे सुटला. दोन्ही बाजूंना ऊस. बराच वेळ नुसता ऊसच!

शेवटी धीर करून विचारलं.

“आवं मॅडम,” कंडक्टर म्हणाले, “ते मलकापूर मागं गेलं की कवाच. हे शाहूवाडीचं मलकापूर. कोल्हापूर जिल्हा!”

अख्खी गाडी वळून बघायला लागली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हसले म्हणून नाही. तो फोन बंद, तिचे आबा स्टँडवर कुठंतरी उभे असतील आणि चार्जर माझ्या सॅकमध्ये शाहूवाडीला निघालाय, हे डोळ्यांपुढे आलं म्हणून.

“रडू नगंस गं,” शेजारची आजी म्हणाली. “ओंड आलंच. मी पन उतरतीया. वडापात बसवून देती तुला.”

ओंडला उतरले. कंडक्टरांनी खिडकीतून हाक मारून बाकीचे पैसे हातावर ठेवले, मी तर विसरूनच गेले होते. आजी भर पावसात, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन माझ्यासाठी थांबली. वडाप आलं, तेव्हा ड्रायव्हरला तिनं दम दिला, “हिला नाक्याच्या मलकापुरात उतीव. दवाखान्याम्होरं. इसरलास तर बघ!” मी पुढं, गिअरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसले. माझं पहिलं वडाप.

वॉर्डमध्ये पोचले तर आबा आधीच तिथं! खाटेशेजारी स्टुलावर बसले होते, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. जतहून सांगली, सांगलीहून कराड, आणि पुढं?

“इचारत इचारत आलो,” ते म्हणाले. “दोन दवाखानं हुडकलं, तिसऱ्यात गावली.”

आबा सकाळपासून जेवले नव्हते. रूममेटला तर अन्न बघवतही नव्हतं. मग डबा आम्हा दोघांत उघडला. मी सगळं सांगितलं, ऊस आणि आजीसकट. आबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “तिकीट किती घेतलं त्यानं?”

“एकोण... एकोणकाहीतरी.”

सलाईन लावलेल्या हातासकट रूममेट खळखळून हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. आबांनी तिकीट हातात घेऊन लांब धरलं.

“एकोणपन्नास. एक उणा पन्नास. पन्नासाला एक कमी. एकोणसाठ म्हंजे साठाला एक कमी. हाय काय त्यात?”

बारा वर्षं शाळेत गेले, दोन सेमिस्टर गणित पास झाले, पण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! मी तिथंच एकोणतीस, एकोणचाळीस म्हणून बघितलं. बरोबर आलं. नव्याण्णवला मात्र आबाही थांबले. म्हणाले, “त्ये तसंच पाठ करायचं.”

हॉस्टेलचं गेट बंद व्हायची वेळ होत आली होती. आबा नाक्यापर्यंत सोडायला आले. वडाप उभंच होतं, आत मुंगीला जागा नाही. “कुठलं कराड?” मी विचारलं. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “एकच हाय ताई. बसा, सरकून घ्या.”

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी