आमच्या गच्चीवरचे वीजघर

बाबा सैन्यात आहेत आणि मी इथे वसतिगृहात. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या घरी आई आणि आजी दोघीच असतात. उन्हाळ्यात बिल वाढू लागले की आई सर्वांत आधी कूलर बंद करायची. म्हणून गेल्या वर्षी बाबांनी गच्चीवर ३ किलोवॅटचे सोलर पॅनेल बसवून घेतले. 'पंतप्रधान सूर्यघर' योजनेतून त्यासाठी ७८,००० रुपये अनुदान मिळाले.

सुट्टीत गेलो तेव्हा मी ही यंत्रणा नीट समजून घेतली. पॅनेलमध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होऊन एका दिशेने वाहू लागतात. हा झाला डीसी प्रवाह. इन्व्हर्टर त्याचे रूपांतर घरात चालणाऱ्या एसी प्रवाहात करतो. वीज तयार होते ती प्रकाशामुळे, उष्णतेमुळे नव्हे. उलट पॅनेल फार तापले तर वीज थोडी कमीच मिळते. आपल्याकडे सूर्य बहुतेक वर्षभर दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून पॅनेलचे तोंडही दक्षिणेला.

एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते. दिवसा उरलेली वीज नेट मीटरमधून बाहेरच्या लाइनवर जाते आणि बिलात तिची वजावट होते. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी लवकर पॅनेलवरची धूळ धुतली की झाले.

मे महिन्यातल्या एका दुपारी गावाची वीज गेली आणि आमचा पंखाही थांबला. आजी म्हणाली, "अरे, ऊन तर डोक्यावर आहे. मग आपली वीज कुठं गेली?"

मी सांगितले, "आजी, बाहेरची लाइन गेली की आपला इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. अशा वेळी खांबावर वायरमन चढलेला असू शकतो. आपली वीज तारेत गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल."

आजी जरा वेळ गप्प राहिली. मग पदराने वारा घेत म्हणाली, "त्याचीही घरी कुणीतरी वाट बघत असेल. राहू दे बंद."

बॅटरी आणि तिला चालणारा इन्व्हर्टर बसवला, तर बाहेरची तार तोडून घरापुरती वीज चालू ठेवता येते. पण खर्च बराच वाढतो. आम्ही तूर्त तो केलेला नाही.

परेडवर 'थम' ऐकताच आपण जागच्या जागी थांबतो. गच्चीवरच्या त्या यंत्रालाही कधी थांबायचे ते कळते, आणि त्यामुळे एखादा माणूस संध्याकाळी सुखरूप घरी जातो. आमच्या कमी झालेल्या बिलाइतकेच मला याचेही मोल वाटते.