घरांतील गिटार आणि आवाजाचें माप

ज्या वाद्याचा आवाज पुरेना म्हणून त्यास विजेची जोड द्यावी लागली, त्याच वाद्याचा आवाज आवरावा कसा, या विवंचनेंत आमचें एकत्र कुटुंब यंदां महिनाभर होतें. हें वाद्य म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. अमेरिकेंत वाद्यवृंदाच्या गदारोळांत गिटारीचा नाजूक स्वर बुडून जाई. म्हणून लॉस एंजेलिस येथील जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांनीं तारांपाशीं लोहचुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें बसवून १९३२ सालीं विजेची गिटार बाजारांत आणली. तिचा आकार दांड्याच्या तव्यासारखा, म्हणून लोक तिला तवाच म्हणूं लागले. पोलादी तार चुंबकापुढें थरथरली कीं वेटोळ्यांत अति क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो; तो वाढवून कर्ण्यापर्यंत पोंचविणारें यंत्र म्हणजे ॲम्प्लिफायर. भरीव लांकडाची गिटार त्यावांचून जवळजवळ मुकी. सारांश, ॲम्प्लिफायर हें त्या वाद्याचें अर्धें अंगच होय, आणि एवढी गोष्ट घरांतील वडील मंडळींस पटविण्यांत माझे दोन दिवस गेले.

आमचा लिंबागणेशचा वाडा जुना, माळवदाचा. ढेलजेलगतच्या खोलींत माझा नातू असतो, आणि भिंतीपलीकडे माझ्या थोरल्या वहिनी. त्यांचें वय ७८. दोन वर्षें अर्धांगवायूनें अंथरुणास खिळलेल्या. त्यांचा डोळा लागतो तो रात्रीं नवाच्या सुमारास. नातू बारावीस, शिकवणी आटोपून बीडहून परत येईपर्यंत साडेआठ होतात. मग त्यानें वाजवावें केव्हां? त्याचे वडील म्हणाले, गिटार विकून टाकावी. मुलगा उलट बोलला नाहीं. पण पानावर बसला तरी घास उतरेना. वहिनींनीं मला बोलावून अडखळत्या शब्दांत सांगितलें, “भावजी, माझ्यापायीं पोराचें वाजवणें बंद करूं नका.” त्यानंतर हें काम मीं अंगावर घेतलें.

छत्रपती संभाजीनगरच्या एका दुकानांत नातवास घेऊन गेलों. दुकानदारानें लगेच ४० वॅटचें यंत्र पुढें केलें. म्हणे, उद्यां कार्यक्रमालाही उपयोगी पडेल. आमच्या घरीं कार्यक्रम नव्हता, रुग्ण होता. शिवाय वॅटांचा हिशेब सरळ त्रैराशिकाचा नव्हे. शक्ति दहापट करावी तेव्हां कानास आवाज सुमारें दुप्पट वाटतो. म्हणजे ५ वॅटचें यंत्र ५० वॅटच्या यंत्राच्या निम्म्यानें तरी गरजतेंच. गिटारीच्या सामान्य कर्ण्यास एकच वॅट दिला तरी हातभर-दोन हात अंतरावर नव्वद डेसिबेलांच्या आसपास आवाज होतो. आपल्या देशांतील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत रात्रीं दहा ते सकाळीं सहा ही मर्यादा ४५ डेसिबेल आहे. तेव्हां लहान यंत्र घेतल्यानें प्रश्न सुटत नाहीं. अगदीं हळू वाजवितांना कोणतें यंत्र गोड लागतें, हें पाहिलें पाहिजे.

आणि खरी मेख तेथेंच आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांचा जो घोगरा, भारदस्त आवाज मुलांना आवडतो, तो व्हॉल्व्हवर भार पडल्याखेरीज निघत नाहीं. आणि भार पडेतों शेजारी जागा होतो. यावर उपाय म्हणून आरंभींच्या टप्प्यास एक कळ व शेवटच्या आवाजास दुसरी कळ, अशी योजना असते. पहिली चढवावी, दुसरी उतरावी. हल्लींच्या कांहीं यंत्रांत व्हॉल्व्हची नक्कल संगणकीय तुकडाच करितो. बॉस कंपनीच्या कटाना यंत्रास तर ५० वॅटवरून अर्ध्या वॅटवर उतरण्याची सोय आहे. यामाहाचीं टीएचआर यंत्रें मेजावर ठेवून घरांत वाजविण्याकरितांच केलेलीं आहेत.

आणखी एक गोष्ट. फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, आवाज कमी केला म्हणजे मानवी कानास खालचे स्वर सर्वांच्या आधीं ऐकूं येईनासे होतात. आपल्याच मराठवाड्यांत, देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानें मंद्राचें स्थान हृदयांत, मध्याचें कंठांत व ताराचें मस्तकांत सांगितलें आहे. हें मीं नातवास दुकानांतच सांगितलें. तो हंसून म्हणाला, “म्हणजे आजोबा, आवाज उतरवला कीं हृदय आधीं गप्प होतें.” विद्यार्थ्यांकडून इतकें चोख उत्तर मला चाकरींतही फारसें मिळालें नव्हतें. मंद्र व तार यांच्या कळा वेगवेगळ्या असलेलें यंत्रच घ्यावयाचें, हें तेथें ठरलें.

हेडफोनची जागा तर हवीच. तो तारेचा असावा; ब्लूटूथचा घेतल्यास बोट आधीं आणि स्वर मागाहून, अशी वरातीमागून घोड्यासारखी स्थिति होते. कानालाही मर्यादा आहे: जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस ८० डेसिबेल आवाज आठवड्यास ४० तासच सुरक्षित मानते. घरास शांतता मिळाली म्हणून मुलानें कान गमवावे असें नाहीं.

वीज जाते, म्हणून बॅटरीवरही चालणारें छोटें यंत्र घेतलें. घरीं आल्यावर पाहतों तों भिंतींतील प्लगला भोकें तीन, पण तिसऱ्यास तारच नाहीं! गिटारीच्या तारा यंत्राच्या अर्थिंगशीं जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल तर गुणगुण तर येतेच, पण यंत्र बिघडल्यास वाजविणाऱ्यास धक्काही बसूं शकतो. वायरमनकडून अंगणांत खड्डा घेऊन कोळसा व मीठ घालून अर्थिंग करविलें, मगच प्लग लावूं दिला. यंत्र कोपऱ्यांत अगर जमिनीवर ठेवल्यास खालचे स्वर घुमतात व भिंतींत उतरतात. म्हणून तें स्टुलावर, खालीं चौघडी गोधडी घालून, वहिनींच्या भिंतीपासून दूर ठेविलें.

आतां रात्रीं साडेनवास नातू हेडफोन लावून बसतो. दाराबाहेर तारांची किणकिण तेवढी ऐकूं येते. वहिनींची झोप मोडत नाहीं. मात्र गेल्या रविवारीं त्यांनीं मला पुन्हां बोलावणें धाडलें. तक्रार अशी कीं, पोरगें काय वाजवितें तें कांहींच कळत नाहीं. तेव्हांपासून रविवारीं सायंकाळीं पाव तास हेडफोन काढून, मधलें दार उघडें ठेवून वाजवावयाचें, असें ठरलें आहे.