सळईवरचे चार तुकडे

आखाडातल्या रविवारी पडवीत शेगडी पेटवून मटण भाजणे, हे ओतूरच्या आमच्या घरात माझे काम. हळद, मीठ, लसूण व काळा मसाला चोळलेले तुकडे सळईत ओवायचे आणि निखाऱ्यांवर राखेचा पातळ पदर येईपर्यंत थांबायचे. घाई केली की मांस वरून करपते आणि आत कच्चे राहते.

पूर्वी वस्तीवरची आठ-दहा घरे मिळून बोकड घेत व वाटे घालत. उसात बिबट्या राहू लागला, तशा आमच्या वस्तीवरच्या शेळ्या कमी झाल्या. आता मटण किलोला ८०० रुपयांच्या घरात आहे. दर वाढले तेव्हा, २०१९ मध्ये, कोल्हापूरकरांनी आंदोलन केले. आम्ही जुन्नर-आंबेगावकर मासवडीकडे वळलो.

मासवडीत मासा नाही आणि मांसही नाही. शिजवलेले बेसन ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, सुके खोबरे व कांदा-लसणाचे सारण पसरून माशासारखी गुंडाळी करायची आणि वड्या कापायच्या. रस्सा मात्र मटणाच्याच मसाल्याचा. बाजरीची भाकरी त्यात कुस्करली की मटणाची उणीव जाणवत नाही, असे आम्ही म्हणतो. ते अगदीच खोटे नाही.

हल्ली मी अर्धाच किलो आणतो, तुकडे लहान करतो, सळईत मध्ये कांदे ओवतो. दाजी आले तर पहिली सळई त्यांच्या ताटात रिकामी होते; पाहुण्यापुढे हात आखडणे आईला मान्य नाही. ती स्वतः मासवडी वाढून घेते. नळी फोडून खाणारी माझी आई, आताशा मटण पचत नाही म्हणते.